जुने घर उभारावे, जुनी उतरंड नको



जपान म्हटले की आपल्या घरात दोन-तीन गोष्टी लगेच आठवतात. नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई आठवतात. ते मूळचे जपानच्या ओकायामा प्रांतातले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. ते विहार १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभे राहिले. मुलांना विचारले तर ती बुलेट ट्रेन आणि मोटारींची नावे सांगतील. पण त्या देशाचे खेडे कसे असते, तिथले घर कसे असते, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. आज त्या खेड्यातल्या जुन्या घरांविषयी बोलू. ती घरे पुन्हा उभी करणाऱ्यांपुढे एक प्रश्न येतो आणि तो आपल्याही कामाचा आहे. जुन्यातले ठेवायचे काय आणि टाकायचे काय?

जपान सरकारने २०२३ साली देशातल्या घरांची पाहणी केली. तीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे दर शंभरात जवळजवळ चौदा. यात शहरातल्या भाड्याच्या खोल्याही आल्या. पण डोंगराळ भागात तर काही वस्त्यांमध्ये दिवा लागणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ओस पडलेल्या घराला तिथे ‘अकिया’ म्हणतात आणि जुन्या लाकडी गावघराला ‘कोमिंका’.

ही घरे ओस का पडली? डोंगरातली माणसे कोळसा पाडत, रेशमाचे किडे पाळत आणि थोडे भात पिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गॅस आणि तेल आले. कोळशाला गिऱ्हाईक उरले नाही. तिकडे शहरात कारखाने वाढत होते. १९५४ पासून आओमोरीहून तोक्योच्या उएनो स्टेशनापर्यंत खास गाड्या सुटू लागल्या. शाळा संपवलेली पंधरा-पंधरा वर्षांची मुले-मुली त्या गाड्यांतून कारखान्यांत आणि दुकानांत कामाला गेली. अशा गाड्या १९७५ पर्यंत धावल्या. मागे म्हातारे आईबाप राहिले. तेही गेले आणि दाराला कुलूप लागले.

कुलूप लागले तरी घर विकले जात नाही. त्याची कारणे ऐकली तर आपल्याला ती ओळखीची वाटतील. घर आजोबांच्या नावावर, वारस दहा ठिकाणी पांगलेले, आणि नाव कोणीच लावून घेतलेले नाही. ही अडचण एवढी वाढली की १ एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांच्या आत वारसाची नोंद करणे कायद्याने बंधनकारक झाले. दुसरे कारण कराचे. जागेवर घर उभे असेल तर जमिनीच्या करात मोठी सवलत मिळते. घर पाडले की ती जाते. म्हणून पडके घर तसेच राहू देणे लोकांना परवडत होते. २०२३ मध्ये कायदा बदलला. आता नीट न राखलेल्या घराची ही सवलत पालिकेच्या ताकिदीनंतर जाऊ शकते.

तिसरे कारण जिव्हाळ्याचे आहे. जुन्या घरातल्या एका खोलीत ‘बुत्सुदान’ असते, म्हणजे घरातले छोटे बुद्धस्थान. त्यात बुद्धाची मूर्ती किंवा चित्र असते आणि घरातल्या दिवंगतांच्या नावाच्या पाट्या असतात. ऑगस्टच्या मध्यावर ‘ओबोन’ येतो तेव्हा शहरातली मुले-नातवंडे गावी जमतात. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी अख्खे घर राखून ठेवतात. दुसऱ्याला दिले तर बुत्सुदानाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना सतावतो. पुष्कळ ठिकाणी गावच्या विहारातील धर्मगुरूंना बोलावून सूत्रपठण करतात, बुत्सुदान सन्मानाने हलवतात, आणि मग घर नव्या माणसाच्या हाती देतात. बऱ्याच पालिका आता अशा घरांची यादी ठेवतात. तिला ‘अकिया बँक’ म्हणतात. तीत घर घेणारा आणि देणारा यांची गाठ पडते.

हे घर बांधतात कसे? आपल्यातल्या सुतार-गवंड्यांना ते पटकन समजेल. जमिनीत दगड बसवायचे आणि त्यांवर लाकडी खांब नुसते उभे करायचे. खांब मातीत पुरत नाहीत, कारण पुरलेला खांब कुजतो. खांब आणि तुळया खाचा पाडून एकमेकांत अडकवतात. भिंत कुडाची. बांबूच्या कामट्यांची जाळी पेंढ्याच्या दोरीने बांधायची आणि तिच्यावर पेंढा कालवलेली माती थापायची. वर उभ्या उताराचे, गवताने शाकारलेले छप्पर. दारातून आत शिरताच मातीच्या जमिनीचा भाग लागतो. तो ‘दोमा’. तिथे चूल, पाणी आणि अवजारे. पायताण काढून वर चढले की लाकडी जमीन येते. तिच्या मधोमध एक चौकोनी खळगा असतो, त्यात राख आणि निखारे. ही ‘इरोरी’. तिच्यावर आढ्याकडून एक आकडा लोंबत असतो. त्याला किटली किंवा भांडे अडकवतात.

घराचे आयुष्य या इरोरीवर अवलंबून असते. जुन्या घराला बहुधा धुराडे नसते. धूर तुळयांमधून आणि गवतामधून वाट काढत वर जातो. त्याने गवत कोरडे राहते, कीड लागत नाही, लाकडावर काजळीचा काळा थर चढतो. विस्तव रोज पेटत राहिला तर गवताचे छप्पर तीस-चाळीस वर्षे निघते. इरोरी विझली की छपरात ओल धरते, शेवाळ उगवते, पाणी तुळईपर्यंत पोचते. तुळई गेली की घर बसलेच. घर माणसांच्या वावराने टिकते असे आपण म्हणतो, ते इथे अक्षरशः खरे आहे.

पण या धुराची दुसरी बाजू आपल्या आयाबहिणींना वेगळी सांगायला नको. जो धूर छप्पर वाचवतो तोच रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. दोमातल्या मातीवर, हिवाळ्याच्या कडाक्यात, वाकून रांधणाऱ्या जपानी बाईचे हाल आपल्या आजीच्या हालांहून निराळे नव्हते. १९४८ साली जपानने शेतीसुधारणेचा कायदा केला आणि त्याखाली खेड्यांत जीवनसुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी नेमलेल्या स्त्री-कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या. त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होते चुलीचे. धुराडे असलेली, उभ्याने रांधता येईल अशी चूल घरोघरी आली. छपराला लागणारा धूर थोडा कमी झाला असेल, पण बाईची पाठ आणि डोळे वाचले. घर की माणूस, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी माणूस निवडला. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता इरोरीभोवतीच्या बसण्याकडे या. तिच्या चार बाजूंना चार जागा ठरलेल्या होत्या. दोमापासून सर्वांत आत, दोमाकडे तोंड करून बसायचा घरधनी. ती जागा ‘योकोझा’. तिथे दुसऱ्या कोणी बसायचे नाही. एका बाजूला घरधनीण, ती ‘काकाझा’. तिच्या समोर पाहुण्याची ‘क्याकुझा’. चौथी बाजू दोमाकडची. लाकडाची शेपटे त्या बाजूला यायची, म्हणून तिचे नाव ‘किजिरी’. तिथे सून आणि घरचे गडी बसायचे. त्यांच्या पाठीला दोमाचा गार वारा, पुढ्यात धूर, आणि सरपण सारत राहण्याचे काम. विस्तव एकच, पण त्याची ऊबसुद्धा पायरीप्रमाणे मिळायची! आपल्या समाजाला ही व्यवस्था समजावून सांगायला लागत नाही.

दुसरीही एक गोष्ट विसरू नये. आज ज्या मोठ्या जुन्या घरांचे फोटो छापून येतात ती बहुतेक गावच्या मुखियांची आणि सधन शेतकऱ्यांची घरे आहेत. जाड तुळया आणि प्रशस्त बैठकीच्या खोल्या त्यांच्याकडेच होत्या. कुळांच्या आणि मजुरांच्या खोपटांपैकी फारच थोडी उरली. महायुद्धानंतर जपानमध्ये मोठी जमीनसुधारणा झाली. सरकारने जमीनदारांकडून जमिनी घेऊन कसणाऱ्या कुळांना स्वस्तात दिल्या. तेव्हा कुठे गावातली उतरंड ढिली पडली. म्हणून जुने घर पाहताना त्याच्या देखणेपणाचे कौतुक जरूर करावे, पण त्या तुळया कोणाच्या खांद्यांवरून आल्या हेही विचारावे.

एवढे ध्यानात घेऊन आता दुरुस्तीकडे येऊ. शिकोकू बेटावर इया नावाचे खोल डोंगरी खोरे आहे. तिथे अलेक्स कर या अमेरिकन तरुणाने १९७३ साली एक ओस पडलेले घर ३ लाख ८० हजार येनला विकत घेतले. घर सुमारे तीनशे वर्षांचे, गवताच्या छपराचे. वर्षानुवर्षांची काजळी आणि कचरा काढण्यापासून सुरुवात झाली. त्याने घराला ‘चिइओरी’ असे नाव दिले. मित्र आणि गावकरी यांच्या मदतीने छप्पर नव्याने शाकारले. २०१२ च्या सुमारास घराची पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा काळ्या तुळया, लाकडी जमीन आणि इरोरी तशीच ठेवली. पण जमिनीखाली ऊब देणारी यंत्रणा बसवली, थंडी अडवणारे थर घातले, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास आजच्या सोयीचे केले. त्याच खोऱ्यातल्या ओचिआई वस्तीतही जुनी घरे याच रीतीने दुरुस्त झाली आणि आज तिथे पाहुणे मुक्काम करतात.

दुसरे उदाहरण निइगाता प्रांतातले. तिथे माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ पडते. ताकेदोकोरो हे खेडे ओस पडत चालले होते. कार्ल बेंग्स हे जर्मन वास्तुरचनाकार १९९३ साली तिथे आले, एक जुने घर घेतले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी गावातली आणखी घरे उभी केली. त्यांची रीत अशी: जुन्या घराचा लाकडी सांगाडा सोडवायचा, एकेक लाकूड तपासायचे, खराब झालेले बदलायचे, आणि तो सांगाडा मजबूत पायावर पुन्हा उभारायचा. खिडक्या मात्र दुहेरी काचेच्या, थंडी आत येऊ न देणाऱ्या. गावात पुन्हा कुटुंबे आली. दोघांच्याही कामात एकच विचार दिसतो. हाडे जुनी ठेवली आणि राहणीचे हाल तेवढे काढून टाकले.

या कामात खरा मान कारागिरांचा आहे. सुतार घर जॅकवर थोडे उचलून धरतात. खांबाचा कुजलेला पाय कापून त्या जागी नवे लाकूड अशा खाचेने बसवतात की खिळ्याची गरज पडत नाही. गिलावा करणारे गवंडी जुन्या भिंतीची पडलेली माती फेकत नाहीत. तीत पाणी आणि नवा पेंढा घालून मुरवतात आणि तीच माती पुन्हा भिंतीवर चढवतात. शाकारणी करणारे, ‘तातामी’ नावाच्या जाड चटया विणणारे, कागदी दारे करणारे, या सगळ्यांचे हात लागतात. २०२० साली युनेस्कोने जपानच्या लाकडी बांधकाम राखण्याच्या कौशल्यांना मानवजातीच्या वारशात स्थान दिले. शाकारणी आणि गिलावाही त्यात आहेत. मातीत हात घालणाऱ्याचे काम हा जगाचा वारसा ठरला! आपल्या घरातल्या गवंड्याने आणि बिगाऱ्याने हे वाक्य मान वर करून वाचावे. अडचण एवढीच की तिथे असे हात आता थोडे उरले आहेत आणि शिकणारी मुले कमी आहेत.

शाकारणी एकट्या घराच्या आवाक्यातली नसते. शिराकावागो गावाची उंच, जोडलेल्या हातांसारख्या छपरांची घरे १९९५ मध्ये जागतिक वारशात गेली. तिथे एका छपरासाठी शंभर-दोनशे माणसे जमतात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. या रीतीला ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक तीच. गावकऱ्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन ठरवले की आपली घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, मोडायची नाहीत. त्या एकीमुळे ती घरे आज उभी आहेत.

तरीही बांधवांनो, गावाच्या एकीचेही दोन चेहरे असतात. जे जपानी गाव छपरासाठी जमत असे तेच गाव एखाद्या घराला वाळीतही टाकत असे. त्याला ‘मुराहाचिबु’ म्हणत. गावाच्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडायचे, फक्त आग आणि प्रेतयात्रा या दोन वेळी जायचे, असा त्या शब्दाचा अर्थ लोक सांगतात. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून सावड हवी, पण जिच्यात कोणीही वाळीत पडत नाही अशी सावड हवी. आज ओस गावात राहायला येणारा परका माणूस पाट साफ करायला आणि रस्त्याकडेचे गवत कापायला सर्वांबरोबर उतरतो, आणि गाव त्याला आपला म्हणते. गावाला माणसांची गरज पडली, तेव्हा परकेपणाची भिंतही थोडी खाली आली.

आता खर्चाचे बोलू. आपण कष्टकरी माणसे, हिशेब आधी पाहतो. जपानमध्ये काही घरे जवळजवळ फुकट मिळतात हे खरे आहे. पण घराची किंमत हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. छप्पर, कुजलेले पाय, वाळवी, विजेच्या जुन्या तारा, संडास आणि सांडपाणी, यांचा खर्च खरेदीच्या कितीतरी पट होतो. त्यात भूकंपाचा देश. १९८१ साली तिथे घरांसाठी भूकंपाचे कडक नियम आले. त्याआधीची घरे त्या मापाने बांधलेली नाहीत. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो भागात मोठा भूकंप झाला. तेव्हा जुनी लाकडी घरे मोठ्या संख्येने कोसळली आणि पुष्कळ माणसे घराखालीच गेली. म्हणून जाणकाराकडून घर तपासून घेणे आणि भिंतींना बळकटी देणे आधी, काळ्या तुळयांचे कौतुक नंतर. घर कितीही देखणे असले तरी माणसाच्या जिवाहून मोठे नसते.

एवढे सगळे करून हाती काय लागते? घराच्या कडेने लाकडी पडवी असते, ‘एन्गावा’. ऊन्हाच्या दिवशी तिथे चहा घेऊन बसावे, शेजारी वाटेने जाताना टेकतो, बागेतला मुळा देऊन जातो. शरदात तुरट पर्सिमन फळे सोलून दोऱ्याला ओवून वळचणीला टांगतात. काही आठवड्यांत ती वाळून खजुरासारखी गोड होतात. वर्षअखेरीस ‘शोजी’ या सरकत्या दारांचा कागद बदलतात. एरवी कागदाला हात लावू नको म्हणून ओरडा खाणारी मुले त्या दिवशी जुन्या कागदाला बोटे घालून हवी तेवढी भोके पाडतात. बाहेर बर्फ पडत असते आणि आत इरोरीवर भाज्यांचे कालवण उकळत असते.

आणि दुरुस्त झालेल्या इरोरीभोवती आज कोण कुठे बसते? ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. बाई, पुरुष, पाहुणा, पोर. ‘योकोझा’ आणि ‘किजिरी’ हे शब्द पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतात. मला या घरांच्या दुरुस्तीतले सर्वांत मोलाचे काम हेच वाटते. खांब तीनशे वर्षांचा ठेवला, माती जुनीच मुरवून लावली, शेजाऱ्यांची सावड ठेवली. धुराला वाट काढून दिली, आणि सुनेला मात्र गार वाऱ्यात बसवले नाही.

जुने ते सगळे सोने म्हणणारे असतात आणि जुने ते सगळे मोडा म्हणणारेही असतात. सुतार या दोघांचेही ऐकत नाही. तो लाकडावर हातोडी वाजवून पाहतो. घट्ट वाजले ते ठेवतो, पोकळ वाजले ते कापतो. आपल्या घरातल्या रीतीभातींवरही आपण अशी हातोडी वाजवून पाहावी. घरात शेवटी कोण जेवते, थंडीत दाराशी कोण झोपते, पाहुणे आले की उठून जागा कोण देते, हे आज रात्री जेवताना जरा पाहावे. पोकळ काय आहे ते आपोआप कळेल.